लाइनीत ठेवलेल्या चपला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे आठ वाजले असतील. पलीकडून भाचा बोलत होता, "आत्याबाई, बाबा वांग्याले पाणी देऊन राह्यले होते न… तठीच बसले. बसले थे बसलेच." मला आधी रागच आला. बसले म्हणजे काय? नीट सांग की! मी त्याच्यावर खेकसले, आणि चाळीस वर्षांचा तो बाप्या फोनवर हुंदके देऊन रडायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदिलाबादहून गुडीहत्नूर म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवशी तो मी कसा काटला, कोणी मला गाडीत बसवलं, काही आठवत नाही. मेथीची निवडलेली पानं मात्र संध्याकाळपर्यंत माझ्या पदराला चिकटलेली होती.

आता महिना उलटून गेला. बाजारात, बँकेत, जिथं जाईन तिथं लोक थांबवून विचारतात, "लंडनले जाऊन टेनिस पाहून आले होते न तुमचे भाऊ?" होय, माझाच भाऊ तो. गुडीहत्नूरचा भाजीवाला, नारायणदादा, जगातले मोठमोठे खेळाडू जिथं खेळतात त्या गवताच्या मैदानाचं तिकीट काढून आला होता. त्याच्याबद्दल चार शब्द लिहा, असं या पुरवणीच्या लोकांनी म्हटलं, आणि मी हो म्हणून बसले. पण त्या प्रवासातली एक गोष्ट मी चार वर्षं दाबून ठेवली आहे. दादाला ती ठाऊक होती, बाकी कुणालाच नाही असं मला वाटत होतं. ती न सांगता त्याच्याबद्दल गोडगोड लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून आजच सांगून टाकते.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाबांशी त्याचं पटेना, म्हणून बाविसाव्या वर्षी घरातून निघाला आणि मंचेरियलला गेला. कोळशाच्या खाणीत काम मिळेल म्हणून गेला होता, मिळालं ते साहेब लोकांच्या क्लबात, माळ्याचं. तिथं मातीचं टेनिस कोर्ट होतं. सकाळी पाणी शिंपडायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी ताणायची. संध्याकाळी साहेब खेळून गेले की बुटांनी उकरलेली माती पुन्हा बसवायची. सहा वर्षं हेच. एकदाही त्यानं रॅकेट हातात धरली नाही. एका साहेबांची बायको म्हणाली होती, "नारायण, एक बार मारके तो देखो," तर हे महाराज म्हणतात, "नहीं मॅडम, ग्राउंड खराब होता है." खेळ तो शिकला तो मातीवरून. कोर्ट कुठं उकरलंय ते पाहून आज कोण जिंकलं असेल, कोण दमलं असेल, हे तो बिनचूक सांगायचा, असं म्हणे. म्हणे म्हणजे तोच म्हणायचा, दुसरं कोण सांगणार!

बाबा गेले आणि तो गावी परतला. वांगी, टोमॅटो, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर… आदिलाबादच्या रयतु बाजारात त्याच्या वांग्यांना नाव होतं. पण टीव्ही घरात आला आणि जून-जुलैत त्याचं डोकं ठिकाणावर राहीना. गिरजावहिनी वैतागायच्या, "लोक पेरून राह्यले अन् हे बसले टोलवाटोलवी पाहात!" शाळेला सुट्टी असली की मी जायची, आणि मग तो मला समजावून सांगायला बसायचा. मी गणिताची मास्तरीण. गुण मोजताना पंधरा, तीस आणि मग पंचेचाळीस पाहिजे, चाळीस काऊन, हे मी त्याला दरवर्षी विचारलं आणि दरवर्षी तो म्हणाला, "तू तुह्यं गणित घरी ठेव व शके, अन् समोर पाह्य." तो स्वतः चेंडूकडं पाहतच नसे. त्याची नजर गवतावर. पहिल्या दिवशी हिरवंगार असलेलं ते मैदान पंधरवड्याच्या शेवटी मागच्या रेषेवर कसं खरडलं जातं, हेच तो पाहायचा. "पंधरा दिवस तुडवतात त्याले, तरी मरत नाही. तठचा माळी कसा असन व? एकडाव त्या मोठ्या कोर्टाचं गवत डोळ्यानं पाहाचं आहे." देवाला जायचं आहे असं म्हणावं तसं म्हणायचा तो हे.

माझी मुलगी मनीषा नोकरीला लंडनला गेली तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली. चार वर्षांपूर्वी, मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, तिनं मला बोलावलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, दादा येणार असेल तरच मी येईन. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी आली त भाजीले पाणी कोन देईन? तुमीच दोघं भाऊ-बहीन फिरून या." आम्ही निघालो. तिथं गेल्यावर कळलं की त्या स्पर्धेची तिकिटं आधीच सोडतीनं वाटतात आणि ती आपल्याला लागलेली नाहीत. एकच मार्ग उरला होता. पहाटे जाऊन बागेतल्या लाइनीत उभं राहायचं. जे आधी येतील त्यांना मोठ्या कोर्टाची थोडी तिकिटं त्याच दिवशी देतात. मनीषाला रजा एकाही दिवशी मिळत नव्हती, म्हणून ठरलं की ती आम्हाला सोडेल आणि कामावर जाईल. हे सगळं ठरेपर्यंत दिवस उरला होता एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं परतीचं विमान होतं.

उजाडता उजाडता तिनं आम्हाला सोडलं. बाग कसली, मोठं मैदानच ते. गवतावर माणसांची ही लांब लाइन, पण ढकलाढकली नाही, आरडाओरड नाही. कुणी पुस्तक वाचतंय, कुणी छोट्या तंबूतून बाहेर येऊन दात घासतंय. टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ तिथं कामाला होते. त्यांनी आम्हाला नंबराची चिठ्ठी दिली, एक पुस्तिका दिली, आणि हसून म्हणाले, लवकर आलात, या नंबराला मोठ्या कोर्टाचं तिकीट मिळेल. मी दादाला सांगितलं. त्यानं चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, मग शर्टाच्या खिशात ठेवली, मग पुन्हा काढून पाहिली. "खरंच म्हने का व थो?" "हो रे बाबा, खरंच." "मोठ्या कोर्टात? आत?" "आत नाही तर काय छपरावर बसवतील?" तो हसला आणि कितीतरी वेळ हसतच राहिला… निघताना मनीषानं बजावलं, "आई, ती पुस्तिका नीट वाच आणि जागेवरून हलू नका." मला झोंबलं ते. इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला पोरीनं असं सांगायचं? "मला इंग्रजी येतं गं," मी म्हटलं आणि पुस्तिका पर्समध्ये टाकून दिली.

नऊ वाजेपर्यंत ऊन चढलं. माझे गुडघे बोलायला लागले. तेवढ्यात लांब झाडाखालून आवाज आला, "अहो, तो डबा इकडे द्या न!" मराठी! नागपूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. तीन आठवडे मी त्या शहरात मुलगी आणि भाऊ सोडून कुणाशी धड बोलले नव्हते, आणि न बोलता राहणं हा काही माझा स्वभाव नाही. मी दादाला म्हटलं, चल, पाच मिनिटं सावलीत बसून येऊ. तो म्हणाला, "अन् लाइन?" मी म्हटलं, "चपला ठेव न."

हे आमच्याकडच्या माणसालाच समजेल. सोसायटीत युरिया येणार असला की आमचे शेतकरी उन्हात उभे राहत नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या चपला लाइनीत मांडायच्या आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. चपला आहेत म्हणजे माणूस आहे. त्या कुणी सरकवत नाही, कुणी ओलांडून पुढं जात नाही. लाइन हलली तर मागचा माणूस आपल्या चपलांबरोबर पुढच्याच्याही ढकलतो. रेशनच्या दुकानात मी स्वतः कितीदा असं केलं आहे. दादाच्या पायांत त्या दिवशी चपलाच होत्या, मनीषानं घेतलेले बूट चावतात म्हणून. तरी तो घुटमळला. म्हणाला, "अठच्या लोकाइले चपलाचं समजन का व?" आणि मी काय म्हणावं? "लाइन म्हणजे लाइन. ती काय तेलुगूत एक असते अन् इंग्रजीत एक?" माझ्या शहाणपणावर मीच खूश झाले. त्यानं चपला काढल्या, टाचा जुळवून नीट मांडल्या, शेजारी माझी पिशवी ठेवली आणि अनवाणी माझ्यामागं आला. "गार लागून राह्यलं व," म्हणाला, आणि चालताना मुद्दाम पाय दाबून टाकत होता.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. तो कुणी केला? मी केला. मनीषाची नोकरी, तिचं घरभाडं, नागपुरातले ओळखीचे, लंडनच्या भेंडीचा भाव… माझं तोंड बंद होईना. दादा तीनदा म्हणाला, "चाल व शके." तिसऱ्यांदा तर तो उठून उभा राहिला होता, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "थांब रे, तुझं टेनिस कुठं पळून चाललं नाही."

परत आलो तर लाइन तिथं नव्हती. ती पुढं सरकून गेली होती, आणि आमच्या जागेपाशी एका खांबाजवळ दादाच्या चपला आणि माझी पिशवी व्यवस्थित बाजूला ठेवलेली होती. ते टोपीवाले गृहस्थ आले. आवाज अगदी मऊ. म्हणाले, थोड्या वेळासाठी जायला हरकत नसते, पण लाइनीत माणसानं स्वतः असावं लागतं, सामान ठेवून जागा धरता येत नाही. आम्ही दोनदा येऊन पाहिलं, तुम्ही नव्हता. सगळं पुस्तिकेत दिलेलं आहे. मी पुस्तिका काढली. पहिल्याच पानावर होतं. मी हात जोडले, रडले, माझ्या भावानं जन्मभर वाट पाहिली आहे म्हणून सांगितलं. त्यांच्याही डोळ्यांत वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण ते "सॉरी, मॅडम" एवढंच म्हणत राहिले. दादानं विचारलं, "काय म्हंते थो?" मी सांगितलं. त्यानं खांबाजवळ जाऊन चपला पायांत घातल्या आणि म्हणाला, "चाल, मांगं जाऊन उभे राहू." बस, एवढंच. मला दोन शिव्या हासडल्या असत्या, चार लोकांत हात झटकला असता तर मी आज सुखानं झोपले असते.

आत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या कोर्टाची तिकिटं केव्हाच संपली होती. आम्हाला मिळाली ती बाहेरच्या लहान कोर्टांवर हिंडायची. एका कोर्टाच्या कठड्याला तो दोन तास टेकून उभा राहिला. कोण खेळत होतं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागच्या रेषेवर गवत जाऊन माती दिसत होती, ती तो वाकवाकून पाहत होता. मध्येच मोठ्या कोर्टाच्या भिंतीमागून एकदम गर्जना उठायची, हजारो माणसं एकदम बोलल्याची, आणि दादा मान वळवून त्या भिंतीकडं पाहायचा. त्याचा आवडता खेळाडू त्या वेळी आत खेळत होता. निघायच्या आधी त्यानं मला विचारलं, "मोठ्या कोर्टाचंबी गवत असंच असन न व?" मी म्हटलं, "असंच असणार, दादा." तो म्हणाला, "हो, बी त एकच असन."

गावी आलो तर अंगणात ही गर्दी! शेजारपाजार, भाचेसुना, हायवेवरचा चहावाला, सगळे. कुणीतरी विचारलंच, "मोठ्या कोर्टात गेले का जी?" मी सांगायला तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं… दादानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "गेलो न! समोरच बसलो. शकी होती म्हनून भेटलं तिकीट. थे सारे नियम इंग्रजीत, आपल्याले कायचं समजते? तिनं बरोबर वाचून सांगतलं." सगळे माझ्याकडं कौतुकानं पाहायला लागले. आणि मी गप्प बसले. तेव्हाच नाही, नंतरही. शाळेच्या एका कार्यक्रमात मला त्या प्रवासावर बोलायला उभं केलं, तर मी मोठ्या कोर्टाचं वर्णन केलं. टीव्हीवर पाहिलं होतं ना, तेच. टाळ्या मिळाल्या. दर भाऊबीजेला ओवाळताना ठरवायची की आज म्हणेन, दादा, माझं चुकलं. ताट खाली ठेवेपर्यंत कुणीतरी जेवायला हाक मारायचं आणि मला बरंच वाटायचं.

गेल्या आठवड्यात त्याचा महिना घातला. जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी त्याच्या खोलीत कपाटापुढं बसून त्याचे कपडे वेगळे करत होत्या, कुणाला काय द्यायचं म्हणून. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चपला, दीड तास, पुस्तिका, सगळं. वहिनींनी हातातल्या शर्टाची घडी घातली.

"मले ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमी आल्या त्याच दिवसापासून. मोठ्या कोर्टात बसून आलेला मानूस गवताबद्दल एक अक्षर बोलत नाही? बाकी साऱ्या लंडनचं गवत सांगतलं, त्याचंच नाही. मंग मी विचारलं, त सांगतलं. म्हने, शकीले कळू देजो नको तुले माहीत आहे म्हनून, तिले तोंड दाखवाची लाज वाटन."

मी खाटेवर बसले. वहिनी रागावल्या होत्या का? होत्या. पण त्या चपलांसाठी नाही. त्यांनी कपड्यांखालून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढं धरलं. आत नवा पासपोर्ट होता. जुन्याला पेटीत वाळवी लागली, म्हणून दादानं नवीन करायला दरखास्त दिली होती, पोलीस ठाण्यात, पोस्टात खेटे घातले होते. तो जायच्या आठ दिवस आधी हा आला होता. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पुढच्या साली पुन्हा जातो म्हने, शकीले घेऊन," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, तिच्यासंगच काऊन? तिच्याच पायी त हुकलं. पोराले घेऊन जा. त म्हने, नाही. त्या सालापासून शकी माह्यासंग म्याच पाहाले येत नाही. तिले एकडाव त्या कोर्टात नेऊन बसवलं का मंग येईन."

खरं होतं ते. चार वर्षं, दर जुलैत त्याचा फोन यायचा, "येतं का व शके, सुरू होऊन राह्यली," आणि दरवेळी माझे गुडघे दुखायचे, नाहीतर कुणीतरी पाहुणे यायचे असायचे. टीव्हीवर ते मोठं कोर्ट दिसेल आणि शेजारी तो बसलेला असेल, हे मला सोसणार नव्हतं. मी माझी लाज सांभाळत बसले, आणि तो तिकडं एकटाच पाहत होता.

"वहिनी," मी म्हटलं, "मी एकदा तरी त्याची माफी मागायला पाहिजे होती."

"माफी कायची?" त्या एकदम चिडून म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज फुटला. "त्याइले माफी नोती पाह्यजे, शकूबाई. त्याइले बाजूले बसाले तुमी पाह्यजे होत्या."

पासपोर्ट त्यांनी मलाच दिला. तो माझ्या टेबलावर आहे, हे लिहितानाही समोर आहे. फोटोत दादानं कॉलरचं वरचं बटण लावलं आहे आणि कॅमेरावाल्यानं हसू नका म्हणून सांगितलेलं असावं, तरी ओठाचा एक कोपरा सुटला आहे. आतली पानं सगळी कोरी आहेत. शिक्का एकही नाही. त्याची मुदत अजून दहा वर्षं आहे.